शेवटची बारी

डिंपल हे नाव तिच्या मामीने सुरतेहून आणलं. एरंडोलच्या बाजूच्या त्या गावात तेव्हा मुलींची नावं लता, मंगला, फार तर चारुलता अशी असत. पण मामा सुरतेला साड्यांच्या बाजारात कामाला होता, आणि भाचीच्या बारशाला मामी झबल्या-टोपड्याबरोबर नावही घेऊन आली. हिलाल आबांना ते नाव कधी तोंडात बसलं नाही. ते लेकीला पहिल्यापासून 'बाई' म्हणत आले. पुढे ही बाई उपग्रहाच्या पोटातलं सॉफ्टवेअर लिहायला लागली, तेव्हा गावात कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही, कारण ते काय असतं हेच कोणाला समजलं नाही. 'कॉम्प्युटरमा शे' एवढ्यावर भागलं.

डिंपल आता पस्तिशीला आली आहे. जळगावात मेहरूणला, तलावापासून जवळ, दुसऱ्या मजल्यावर राहते. नवरा कुंदन ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात पाळीने कामाला जातो. डिंपलची कंपनी पुण्याची, लहान लहान उपग्रह बनवणारी. लॉकडाऊनमध्ये ती पुण्याहून घरी आली ती परत गेलीच नाही. अधूनमधून बैठकीला जाऊन येते, बाकीचे दिवस मागच्या खोलीत टेबलापाशी बसते. टेबलावर तारा लावलेली एक हिरवी सर्किटची पाटी असते. उपग्रहात जो संगणक बसतो, त्याचीच ही जुळी बहीण. शेजारच्या लताबाई ती पाटी बघून दोनदा आपला बंद पडलेला मोबाइल घेऊन आल्या. दुसऱ्यांदा डिंपलने तो दुरुस्तही करून दिला, आणि त्यामुळे लताबाईंची समजूत आणखी पक्की झाली.

या धंद्याची एक अडचण आहे. वस्तू एकदा वर गेली की तिला हात लावता येत नाही. घरातला मोबाइल अडकला तर आपण तो बंद करून चालू करतो. वर बंद करून चालू करायला कोण जाणार? म्हणून प्रोग्रामला सगळं आधीच शिकवून ठेवावं लागतं. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेला आणि ऊन तुटलं तर काय करायचं, थंडी वाढली तर काय, आणि बिघडलास तर स्वतःच बंद होऊन स्वतःच परत कसा उठशील. डिंपलचा स्वभाव या कामाला अगदी बरोबर. लग्नाला निघताना ती गॅस बघते, नळ बघते, गच्चीचं दार बघते आणि मग पुन्हा एकदा गॅस बघते. कुंदन तोवर खाली गाडी चालू करून हॉर्न देत बसतो.

तिने ज्याचा प्रोग्राम लिहिला तो उपग्रह एका शिलाई मशीनच्या पेटीएवढा होता. पिकांचे फोटो काढायचे, हे त्याचं काम. कंपनीने त्याला मोठं संस्कृत नाव दिलं होतं, पण काम करणारे सगळे त्याला डबा म्हणत. आपणही डबाच म्हणू.

आता थोडं मागे जायला पाहिजे, आबांच्या शेतापर्यंत.

आबांच्या शेताजवळ जी डीपी आहे, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, तिच्यावर दहा-बारा जणांच्या विहिरींच्या मोटारी चालतात. शेतीची लाइट येते ती आठवड्याच्या ठरलेल्या वेळी, आणि तिची वाट बघत कोणी विहिरीवर बसून राहत नाही. प्रत्येकाच्या स्टार्टरला 'ऑटो' लावलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. यात गोम अशी, की सुरू होतानाच मोटार सगळ्यात जास्त वीज ओढते. दहा-बारा मोटारी एकदम उठल्या की डीपीचा फ्यूज उडतो, आणि नशीब खोटं असलं तर डीपीच जळते. मग महिनाभर सगळं शिवार हातावर हात धरून बसलेलं.

डिंपल शाळेत होती तेव्हा अशी डीपी एका उन्हाळ्यात दोनदा जळली. लोक आपसांत भांडून बेजार झाले. शेवटी हिलाल आबांनी सगळ्यांना कडुनिंबाखाली बसवलं आणि बाऱ्या लावून दिल्या. बारी म्हणजे पाळी. ऑटोला एक गोल बटण असतं, ते फिरवलं की लाइट आल्यावर मोटार किती वेळ थांबून सुरू होईल ते ठरवता येतं. शेजारच्या शेतातल्या तोतारामने थोडं थांबायचं, पुढच्याने त्याहून पाच मिनिटं जास्त, त्याच्या पुढच्याने आणखी पाच. पहिली बारी कोणाची यावर थोडी हमरीतुमरी झाली. शेवटची कोणाची, हा प्रश्नच आला नाही. आबा म्हणाले, "शेवटली मनी." वाटणी करणाऱ्याने शेवटचा वाटा घ्यायचा, ही आपल्याकडची रीत. पंगतीत वाढणाराही मागून जेवतो. लोकांनी आबांना मान दिला, डीपी पुन्हा जळली नाही, आणि आबांचं नाव पंचक्रोशीत झालं.

फक्त एक होतं. लाइट येऊन टिकली तर शेवटची बारी तासाभराने यायची. पण उन्हाळ्यात लाइट टिकते कुठे? ती येई, अर्ध्या तासाने जाई, पुन्हा येई. आणि प्रत्येक वेळी ऑटो नव्याने मोजायला लागत. पुन्हा पहिला तोताराम, पुन्हा त्याच्या पुढचा. शेवटची बारी कित्येक दिवस यायचीच नाही.

डिंपलच्या आईने, बेबाबाईने, बांधाच्या वरच्या तुकड्यात लिंबाची बाग लावली होती. शेत आबांचं असलं तरी ती बाग तिची होती. माहेरून पारोळ्याहून रोपं तिने स्वतः आणली होती. बाऱ्या लागल्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत ती बाग वाळली. बेबाबाई विहिरीतून शेंदून हंड्याने झाडांना पाणी घालायची, आणि सुट्टीच्या दिवशी डिंपल दुसरा हंडा घ्यायची. शेजारच्या शेतात तेव्हा तोतारामची मोटार भरभरून पाणी ओतत असायची. बेबाबाईने त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. झाडं तोडून सरपणाला आणली, तेव्हाही नाही.

डिंपल शिकली, धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात इंजिनिअर झाली, पुण्याला गेली. लिंबाची बाग मागे पडली. निदान तिला तसं वाटत होतं.

डब्याचं काम चालू असताना पुण्यात एक बैठक झाली. डबा स्वतः बंद होऊन पुन्हा उठला की त्यातले भाग कोणत्या क्रमाने चालू करायचे, एवढं ठरवायचं होतं. सगळे एकदम चालू केले तर बॅटरीवर झटका बसतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. डिंपल म्हणाली, बाऱ्या लावू. तिने शब्दही तोच वापरला आणि सगळे हसले. मग जो तो आपला भाग पुढे रेटायला लागला. बॅटरी गरम ठेवणारा हीटर पहिला, यावर वाद नव्हता. त्यानंतर पृथ्वीकडे खबर पाठवणारा रेडिओ. मग डब्याला हवं तिकडे वळवणारी चाकं. चारुलता कॅमेऱ्याची प्रमुख होती. तिचं म्हणणं, कॅमेऱ्याला स्थिर व्हायला वेळ लागतो, तो मागे ठेवू नका. राहिला डिंपलचा स्वतःचा भाग. त्याला ते लोक ऐकणारा म्हणत. जमिनीवरून आलेली दुरुस्ती समजून घ्यायची आणि प्रोग्राममध्ये बदल करायचा, हे त्याचं काम.

क्रम डिंपलच लावत होती. ती म्हणाली, "माझं शेवटी ठेवा."

चारुलताने तिला थँक्यू म्हटलं. प्रकल्पाचा प्रमुख तनवीर घड्याळाकडे बघून म्हणाला, "छान. बैठक वेळेत संपली." सगळे चहाला गेले. डिंपललाही फार बरं वाटलं. असं मागच्या जागेवर बसून बरं वाटणं तिच्या रक्तातच होतं, आणि ते कुठून आलंय हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

जमिनीवरच्या चाचण्यांत कधी काही अडलं नाही. तिथे वीज भिंतीतल्या सॉकेटमधून येत होती, ती संपायचा प्रश्नच नव्हता. पाचवी बारी दर वेळी यायची.

डबा वर गेला. वर्षभर त्याने नीट काम केलं, फोटो पाठवले. मग दिवाळीच्या सुमाराला बॅटरीचा एक भाग निकामी झाला. एका संध्याकाळी डब्याकडून आलेल्या खबरेत काहीतरी चमत्कारिक दिसलं. तो नुकताच उठला होता. पुढच्या फेरीला पाहिलं, तर पुन्हा नुकताच उठलेला. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. डिंपलने टेबलावरच्या पाटीला मुद्दाम कमी वीज देऊन बघितली आणि तिला समजलं. हीटर चालू होत होता, रेडिओ चालू होत होता, चाकं फिरायला लागत होती. कॅमेऱ्याची बारी आली की त्याच्या झटक्याने वीज कमी पडत होती आणि डबा बंद होत होता. मग तो शिकवल्याप्रमाणे पुन्हा उठत होता, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

उपाय सोपा होता, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या ओळींचा. कॅमेरा चालू करू नकोस, एवढंच डब्याला सांगायचं. पण सांगणार कसं? ऐकणाऱ्याची बारी कॅमेऱ्याच्या मागे होती.

डिंपल बराच वेळ त्या पाटीकडे बघत बसली. कुंदनने चहा आणून ठेवला, तो गार झाला. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या खालोखाल राग आला. राग कोणाचा ते तिला लगेच समजलं नाही. निंबाखाली बसलेले आबा डोळ्यांसमोर आले तेव्हा समजलं.

तनवीरने फोनवर विचारलं, "ऐकणारा शेवटी का ठेवला होता आपण?"

"मी ठेवला," डिंपल म्हणाली.

"का पण?"

या प्रश्नाचं उत्तर त्या फोनवर देता येण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "चूक झाली." तनवीर भला माणूस, त्याने पुढे ताणलं नाही. पण डबा हा कंपनीचा एकुलता एक होता आणि तो गेला तर पुढचा कोणी बनवू देणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

एक आशा होती. डब्याची पृथ्वीभोवतीची वाट हळूहळू सरकत असते. जानेवारीत काही दिवस असे येणार होते, की डबा पृथ्वीच्या सावलीत शिरणारच नव्हता. त्याला अखंड ऊन मिळणार होतं. अखंड ऊन मिळालं तर कॅमेऱ्याचा झटका उरलेली बॅटरी सोसेल आणि पाचवी बारी येईल. मात्र तोवर बॅटरी जगायला हवी होती. रोज इतक्या वेळा पडून उठणारी बॅटरी दोन महिने काढेल, याची खात्री कोणीच देईना. करण्यासारखं काही नव्हतं. लाइटची वाट बघायची. डिंपलने दुरुस्ती लिहून, पाटीवर पुन्हा पुन्हा तपासून तयार ठेवली. तिचा जीव टांगणीला लागला होता. कुंदनशी ती दोनदा विनाकारण भांडली.

डिसेंबरात आबांनी शेतात भरिताचा बेत केला, तेव्हा ती गावी गेली. वांगी तुरीच्या काड्यांवर भाजून झाली होती, बेबाबाई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होती. जेवताना आबांनी कामाचं विचारलं, नेहमीसारखं, उत्तराची फार अपेक्षा न ठेवता. डिंपलने या वेळी सगळं सांगितलं. डीपी, ऑटो आणि बाऱ्या अशा शब्दांत सांगितलं, त्यामुळे समजायला काही अवघड गेलं नाही. शेवटी ती म्हणाली, "आबा, तुमनी बारी शेवटली का व्हती?"

आबांना प्रश्नच विचित्र वाटला. "बाऱ्या मी लाई दिध्यात ना बाई. लावनारानीच पह्यली बारी लिधी, ते लोके काय म्हनतीन?"

बेबाबाईचा भाकरीवरचा हात थांबला.

"लोके काय म्हनतीन!" ती म्हणाली. "लोके पानी भरीसन घर गयात, आनि मना लिंबू उभा वाळी गयात."

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा बोलली. आबांचा घास हातात राहिला. ते काहीतरी म्हणणार होते, पण बेबाबाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती लेकीकडे बघत होती. "आनि तू. तू तं शिकेल शे. तुनी हंडा उचला व्हता मनासंगे. तरी तू बी बापवरच गई."

भरीत फार चांगलं झालं होतं, आणि तिघांनी ते मुकाट्याने संपवलं.

जानेवारी आला. डबा अजून खबर देत होता, पण प्रत्येक खबरेत बॅटरी थोडी खाली. मग ऊन लागलं. पहिल्या दिवशी काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तनवीर बैठकीत 'पुढचा उपग्रह' असे शब्द बोलून गेला आणि मग ओशाळला. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा पुण्याच्या अँटेनाच्या टप्प्यात आला, तेव्हा डिंपल मेहरूणच्या खोलीतून पडद्यावर बघत होती. खबर आली. हीटर चालू. रेडिओ चालू. चाकं चालू. कॅमेरा चालू.

ऐकणारा चालू.

तिने दुरुस्ती पाठवली. डबा क्षितिजाखाली जायला मिनिटंच उरली होती. दुरुस्ती पोचल्याची पावती यायच्या आत तो गेला. आता दीड तास काही कळणार नव्हतं. डिंपलने तेवढ्यात घर झाडलं, मेथी निवडली, लताबाईंना दारातूनच परत पाठवलं. पुढच्या फेरीला डब्याची खबर आली ती वेगळीच होती. ऐकणारा चालू, हीटर चालू, रेडिओ चालू, चाकं चालू. कॅमेरा बंद. दुरुस्ती स्वीकारली. म्हणजे तो एकदा मुद्दाम बंद होऊन नव्या क्रमाने उठला होता. पुण्यात आरडाओरडा चालू होता, तो स्पीकरवर फाटल्यासारखा ऐकू येत होता. डिंपल टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि रडून झाल्यावर तोंड धुऊन आली.

कॅमेरा नंतर बेताने, भर उन्हात, एकटाच चालू करायचा असं ठरलं. आणखी एक गोष्ट मात्र डिंपलच्या मनात राहून गेली. नव्या क्रमात तिने ऐकणाऱ्याला पहिली बारी दिली होती. चारुलता काही बोलेल म्हणून ती चारुलतासाठी उत्तर तयार करून बसली होती. चारुलताने तो क्रम बघितला आणि म्हणाली, "अगं, हा तर पहिल्यापासून पहिलाच असायला हवा होता ना? त्याला वीज तरी कितीशी लागते? तू तेव्हा शेवटी म्हणालीस, तर मला वाटलं तुझं काही कारण असेल."

त्या दिवशी डिंपलने आईला फोन केला.

"ऐकं का त्यानी?" बेबाबाईने विचारलं.

"ऐकं."

"आते पह्यली बारी कोनी?"

"आपली," डिंपल म्हणाली.

बेबाबाई "हां" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. डिंपलही गेली. उन्हं कलताना ती आबांबरोबर शेतात गेली. बांधाच्या वरच्या तुकड्यात, जिथे लिंबाची बाग होती तिथे, खड्डे खणून शेणखत भरून ठेवलेलं होतं. पावसाची आणि रोपांची वाट होती. दोघं विहिरीपाशी पोचतात तोच लाइट आली, आणि आबांची मोटार लगेच सुरू झाली. तोतारामची त्यानंतर, मग त्याच्या पुढच्याची. डीपी शांतपणे गुणगुणत होती.

डिंपलने स्टार्टरच्या पेटीत बघितलं. बटण पार शून्यावर आणून ठेवलेलं होतं.

"तुनी मायनी फिरावं," आबा म्हणाले. "तुना फोन उना, त्याच दिन." ते विहिरीच्या कठड्यावर बसले. पाटात पाणी पडत होतं ते बघत बसले. लोक काय म्हणतील म्हणून पहिले काही दिवस ते तोतारामची वाट चुकवून जात होते, हे त्यांनी सांगितलं. मग एकदा तोताराम समोरच भेटला. त्याने कपाशीचं विचारलं, जावयाचं विचारलं, चहा प्यायला घरी नेलं.

"तीन महिना व्हई गयात, बाई," आबा म्हणाले. "सगळास्ना मोटारी चालू शेतस. मनी बारी पुढे गई, हाई अजून कोनाले ठाऊकच नही."